ड्रोनला डोळे देणारे विद्यार्थी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेच्या स्टाटा सेंटर इमारतीखाली मोटारी उभ्या करण्याचे तळघर आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये संस्थेने या तळघरातील एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली. सुमारे दोन मीटर पंखविस्ताराचे एक छोटे विमान, वैमानिकाविना आणि दूरनियंत्रकाविना, खांबांना वळसे घालत तेथे उडत होते. हेलिकॉप्टर वाट चुकले तर जागीच तरंगत राहू शकते. विमानाला ती सवलत नाही. ते थांबले की पडलेच. त्यात तळघरात जीपीएसचा संदेश पोहोचत नाही. विमानाला तळघराचा नकाशा आधी दिलेला होता खरा, परंतु त्या नकाशात आपण या क्षणी नेमके कोठे आहोत, हे त्याला लेझरची मोजमापे आणि स्वतःची हालचाल यांवरून सेकंदाच्या अंशात ठरवावे लागत होते. हा प्रयोग करणारे ॲडम ब्राय आणि एब्राहम बॅकराक हे दोघे प्रा. निकोलस रॉय यांच्या गटातील संशोधक विद्यार्थी होते.

ती चित्रफीत पाहून त्या वेळी अनेकांनी कौतुक केले असेल आणि ‘याचा उपयोग काय’ असेही विचारले असेल. त्या प्रश्नाचे उत्तर या दोघांच्या पुढच्या वाटचालीत सापडते.

एमआयटीनंतर दोघेही गूगलमध्ये गेले. मालवाहू ड्रोनचा ‘प्रोजेक्ट विंग’ हा उपक्रम उभा करणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते. २०१४ मध्ये त्यांनी मॅट डोनाहो यांच्यासह स्कायडिओ ही कंपनी काढली. २०१८ च्या फेब्रुवारीत तिचा पहिला ड्रोन बाजारात आला. त्याची किंमत होती २,४९९ डॉलर आणि त्यावर कॅमेरे होते १३. विद्यार्थीदशेतील लेझरची जागा आता डोळ्यांनी घेतली होती. झाडीतून धावणाऱ्या किंवा सायकल हाकणाऱ्या मालकाच्या मागे फांद्या चुकवीत जाणारे ते यंत्र हौशी चित्रण करणाऱ्यांसाठी होते. पुढे २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने टेहळणीच्या छोट्या ड्रोनचे कंत्राट याच कंपनीला दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने हौशी ग्राहकांचा व्यवसाय बंद केला आणि लष्कर, पोलीस, सरकारी खाती व उद्योग एवढ्यांवरच लक्ष केंद्रित केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनने या कंपनीवर निर्बंध लादले. तैवानच्या अग्निशमन यंत्रणेला ड्रोन विकल्याचे निमित्त त्यामागे होते. बॅटऱ्या चीनमधून येत असल्याने ग्राहकांना एका ड्रोनमागे एकच बॅटरी देण्याची पाळी कंपनीवर आली.

तळघरातील खांब चुकविण्याचा अभ्यास बारा वर्षांत दोन महासत्तांच्या संघर्षातील एक मुद्दा होऊन बसला. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा प्रबंध इतक्या थोड्या काळात इतक्या दूर जाण्याची उदाहरणे फार नाहीत. भारतात ड्रोनची चर्चा होते ती प्रामुख्याने किती विकत घेतले, किती पाडले, किती कारखाने निघाले या अंगाने. ज्या विद्येमुळे ड्रोन आंधळा राहत नाही, ती विद्या कोण घडवितो आणि घडविणारा कोठे जातो, हा प्रश्न या चर्चेत सहसा येत नाही.

ही विद्या समजून घेण्यास फार गणित लागत नाही. पुण्याहून मुंबईला निघालेल्या डेक्कन क्वीनच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाला रुळालगतचे खांब सर्रकन मागे जाताना दिसतात आणि दूरचा डोंगर जवळपास जागच्या जागी राहतो. कोणती वस्तू दृष्टीसमोरून किती वेगाने सरकते, यावरून ती किती लांब आहे आणि गाडी किती वेगात आहे, याचा अंदाज डोळा आपोआप बांधतो. ड्रोनवरील संगणकही हेच करतो. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात तो खिडकीचा कोपरा, दगडाची कड, पाटीवरचे अक्षर अशा शेकडो ठळक खुणा निवडतो आणि पुढच्या चित्रात त्या कोठे सरकल्या ते शोधतो. खुणांच्या सरकण्यातून तो स्वतःची वाट आणि आजूबाजूचा नकाशा अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी रचत जातो. येथे एक गोम आहे. एकट्या कॅमेऱ्याला खरे घर आणि काड्यापेटीचे घर यांतला फरक कळत नाही. दोन्ही चित्रात सारखीच दिसू शकतात. म्हणून त्याच्या जोडीला वेगातील बदल आणि कल मोजणारा संवेदक लागतो, तसा आपल्या मोबाइलमध्येही असतो. कॅमेरा आणि संवेदक यांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि दोघांच्याही चुका वजा करायच्या, हे या शास्त्राचे सार होय.

यातील महत्त्वाचे टप्पे पाहिले तर विद्यार्थ्यांची नावे वारंवार भेटतात. एका चित्रातील खूण पुढच्या चित्रात शोधण्याची जी रीत आजही असंख्य यंत्रांत वापरली जाते, ती १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस लुकस या विद्यार्थ्याने ताकेओ कानाडे यांच्या मार्गदर्शनाखाली मांडली. चित्रातील वस्तू ओळखण्याच्या कामात २०१२ मध्ये जी क्रांती झाली आणि जिच्यातून आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट उसळली, ती टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर यांनी जेफ्री हिंटन यांचे विद्यार्थी असताना घडविली. २०१५ मध्ये स्पेनमधील सारागोसा विद्यापीठात राउल मुर-आर्ताल या संशोधक विद्यार्थ्याने ‘ऑर्ब-स्लॅम’ ही प्रणाली तयार केली आणि तिचा संगणकीय मजकूर सर्वांसाठी खुला केला. मार्गदर्शक दिशा देतात, निधी आणतात, नावही मिळवितात. पण रात्र-रात्र बसून यंत्र चालेपर्यंत झुंजणारा हात सहसा पंचविशीतल्या तरुणाचाच असतो.

ही विद्या जिथे फसते ते प्रसंगही बोलके आहेत. ‘नासा’ने मंगळावर पाठविलेल्या ‘इंजेन्युइटी’ या १.८ किलो वजनाच्या हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण १९ एप्रिल २०२१ रोजी झाले. मंगळावर जीपीएस नाही. पोटाखालचा कॅमेरा जमिनीची चित्रे टिपे आणि त्यावरून यंत्र आपली गती ठरवी. या प्रकल्पाचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे मद्रास आयआयटीतून पदवी घेऊन पुढे अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले. सहाव्या उड्डाणात कॅमेऱ्याचे एकच चित्र गहाळ झाले, त्यानंतरच्या सर्व चित्रांच्या वेळा चुकत गेल्या आणि यंत्र दारू प्याल्यासारखे झोकांड्या खाऊ लागले. तरीही ते सुखरूप उतरले. पाच उड्डाणांसाठी बनविलेल्या या यंत्राने ७२ उड्डाणे केली. शेवटचे उड्डाण १८ जानेवारी २०२४ चे. खाली वाळूच्या गुळगुळीत लाटा पसरल्या होत्या. खूण म्हणून धरून ठेवावे असे तेथे जवळपास काहीच नव्हते. आपण आडवे सरकत आहोत हे यंत्राला उमगले नाही, ते उतारावर आदळले आणि त्याची पाती तुटली. डोळे शाबूत होते, पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

युद्धभूमीने दिलेली निकड

आकाशातील उपग्रह फुकट वाट दाखवीत असताना डोळ्यांनी वाट शोधण्याचा खटाटोप कशाला, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी रास्त वाटत असे. युक्रेनच्या युद्धाने तो निकालात काढला. उपग्रहांकडून येणारा जीपीएसचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो आणि तो दडपण्यास फारशी शक्ती लागत नाही. रशियाने आघाडीवर हा संदेश आणि चालकाशी जोडणाऱ्या रेडिओलहरी अशा दोन्हींवर गोंगाटाचा मारा सुरू केला. लंडनच्या ‘रुसी’ या संरक्षणविषयक अभ्यास संस्थेने मे २०२३ मध्ये युक्रेन दरमहा सुमारे दहा हजार ड्रोन गमावीत असल्याचा अंदाज दिला होता. अमेरिकी ड्रोनही यातून सुटले नाहीत. आपली त्या वेळची यंत्रे आघाडीवर फारशी यशस्वी ठरली नाहीत, अशी कबुली खुद्द ब्राय यांनी २०२४ मध्ये दिली. जीपीएसशिवाय उडण्याचा प्रबंध लिहिलेल्या गटाच्या कंपनीवर ही वेळ यावी, यात थोडा विनोद आहे आणि बराच धडा आहे. प्रयोगशाळेतील यश आणि चिखलातील यश यांत अंतर असते. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी साधाच उपाय शोधला आणि ड्रोनच्या शेपटीला कित्येक किलोमीटर लांबीचा प्रकाशतंतू बांधला. पतंगाला मांजा असतो तसा. तंतूवर गोंगाट चालत नाही. पण तंतू जेथे संपतो तेथे ड्रोनही थांबतो, आणि त्यापलीकडे जावयाचे तर डोळे आणि बुद्धी यंत्राजवळच असावी लागते.

ती बुद्धी किती पुढे गेली आहे, याची चुणूक खेळाच्या मैदानावर दिसली. झुरिच विद्यापीठात दाविदे स्कारामुझ्झा यांच्या प्रयोगशाळेत एलिया काउफमान आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘स्विफ्ट’ या ड्रोनने तीन विजेत्या मानवी चालकांशी २५ शर्यती केल्या आणि १५ जिंकल्या. ‘नेचर’ने ऑगस्ट २०२३ मध्ये हे संशोधन छापले. हा ड्रोन आभासी मैदानात आपटत-धडपडत शिकला होता, आणि एका टेबलावरच्या संगणकावर त्या शिक्षणास तासाहूनही कमी वेळ लागला. मात्र प्रकाश बदलला तर तो गोंधळे. माणूस गोंधळत नसे. एप्रिल २०२५ मध्ये अबुधाबीच्या स्पर्धेत नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या ड्रोनने एकाच कॅमेऱ्याच्या बळावर मानवी विजेत्यांना मागे टाकले. झुरिचच्या त्या शर्यतीचे मैदान ओळखीचे आणि तयार केलेले होते. अबुधाबीचे संयोजन इतरांच्या हाती होते. थोड्या काळातला हा फरक लहान नाही.

खुल्या पुस्तकाचे वाचक कोण?

या विद्येचे पुस्तक उघडे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विजय कुमार यांची यंत्रमानव प्रयोगशाळा जगभर नावाजलेली आहे. कुमार हे कानपूर आयआयटीचे. त्यांच्याकडे शिकलेला शाओजी शेन हा विद्यार्थी २०१४ मध्ये डॉक्टरेट घेऊन हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात अध्यापक झाला. तेथे त्याच्या विद्यार्थ्यांनी एक कॅमेरा आणि एक संवेदक एवढ्यावर चालणारी ‘व्हिन्स-मोनो’ ही प्रणाली उभी केली आणि ती सर्वांना खुली केली. जगातील अनेक प्रयोगशाळांत नवा विद्यार्थी दाखल झाला की प्रथम तिच्याशी किंवा ‘ऑर्ब-स्लॅम’शी त्याची गाठ पडते. याच हाँगकाँगच्या विद्यापीठात त्याआधी वांग ताओ नावाचा विद्यार्थी हेलिकॉप्टरचे नियंत्रण शिकत होता. त्याने २००६ मध्ये काढलेली डीजेआय ही कंपनी पुढे जगातील सर्वात मोठी ड्रोन उत्पादक झाली. म्हणजे भारतात शिकलेला मार्गदर्शक, अमेरिकेतील प्रयोगशाळा, चिनी विद्यार्थी, हाँगकाँगचे विद्यापीठ आणि त्याच आवारातून निघालेला शेन्झेनचा कारखाना. यात कोणी काही चोरले नाही. ज्ञान सर्वांसाठी होते. ज्यांच्याकडे ते वाचून यंत्रात उतरविणारी माणसे आणि शेजारी सुटे भाग बनविणारा बाजार होता, त्यांचे ते झाले.

अमेरिकी सरकारलाही हे माहीत असते. संरक्षण संशोधनाच्या ‘डार्पा’ या संस्थेने २०१५ पासून एक कार्यक्रम चालविला. जीपीएसशिवाय, अडथळ्यांतून, सेकंदाला २० मीटर वेगाने उडणारा छोटा ड्रोन करून दाखवा, अशी अट होती. निधी पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या गटांनाही मिळाला आणि तो विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीपर्यंत झिरपला. विद्यार्थ्याला शोधनिबंध मिळाला, लष्कराला शक्यता कळली. विद्यापीठाच्या आवारात लष्कराचा पैसा असावा का, हा नैतिक प्रश्न तेथेही विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. आपत्तीत ढिगाऱ्याखालची माणसे शोधण्यासाठी लिहिलेली आज्ञावली बॉम्बच्या टोकावरही बसू शकते, आणि खुला केलेला मजकूर कोण उतरवून घेतो यावर लिहिणाऱ्याचा ताबा राहत नाही.

भारताचे चित्र याहून निराळे आहे. आपल्याकडे सुरुवात उशिरा झाली असे मात्र म्हणता येत नाही. मुंबई आयआयटीतील अंकित मेहता, राहुल सिंह, आशिष भट या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली, तेव्हा स्कायडिओचा जन्मही झाला नव्हता. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी तरंगणारे यंत्र त्यांचेच. पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेसह त्यांनी ‘नेत्र’ हा टेहळणी ड्रोन विकसित केला आणि २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेल्यांच्या शोधासाठी तो वापरला गेला. जुलै २०२३ मध्ये कंपनीचा समभाग बाजारात आला तेव्हा ६७२ रुपयांच्या समभागावर गुंतवणूकदारांनी १०६ पट मागणी नोंदविली आणि पहिल्याच दिवशी तो १३०० रुपयांच्या आसपास उघडला. पुढे तो मूळ किमतीच्याही खाली घसरला. संरक्षण खात्याच्या मागणीवर अवलंबून असलेल्या धंद्याला असे चढउतार चुकत नाहीत.

सरकारने धोरणे केली, हेही मान्य करावे लागेल. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी परवान्यांचे जंजाळ कमी केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात बंद झाली. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी १२० कोटी रुपये ठेवण्यात आले. परिणामी ड्रोन जोडणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. तथापि जोडणे आणि घडविणे यांतील फरक लवकरच उघड झाला. चिनी सुटे भाग आढळल्यावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनची २३० कोटी रुपयांहून अधिकची कंत्राटे रद्द केली. तीन महिन्यांनी ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठविल्याचे भारतीय लष्कराने जाहीर केले. त्यानंतर ड्रोनच्या खरेदीला वेग आला. खरेदी महिन्यांत होते. जो माणूस जीपीएस बंद पडल्यावर ड्रोनला वाट दाखवील, तो मात्र पाच वर्षांत तयार होतो.

त्या माणसाच्या वाट्याला येथे काय येते? जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये आहे आणि ज्येष्ठ शिष्यवृत्ती ४२ हजार. मोजक्या गुणवंतांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीत ७० ते ८० हजार मिळतात. पवईच्या त्याच वसतिगृहातील संगणकशास्त्राचा पदवीधर नोकरीस लागताच याच्या कित्येक पट कमावतो. रक्कम वेळेवर हाती पडत नसल्याची संशोधक विद्यार्थ्यांची तक्रारही जुनी आहे. ड्रोनच्या विद्यार्थ्याला याशिवाय आपटून फुटणारी यंत्रे परवडावी लागतात, कारण यंत्र फुटल्याशिवाय हा विषय येत नाही. आणि सुट्या भागाच्या मागणीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहिला, तर ऋतू बदलतो आणि सत्र संपते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, शिष्यवृत्तीधारकांच्या संख्येवर चर्चा सुरू असताना, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, असा सवाल राज्याच्या एका ज्येष्ठ मंत्र्यांनीच केला होता. तो सवाल सर्व विषयांच्या विद्यार्थ्यांना उद्देशून होता. संशोधनाकडे पाहण्याची सत्तेची नजर त्यातून कळली.

अशा परिस्थितीत हुशार विद्यार्थी झुरिच, पेनसिल्व्हेनिया किंवा सिंगापूरला अर्ज धाडतो यात नवल नाही, आणि त्याला देशप्रेमाचे धडे देण्यातही अर्थ नाही. फरक एवढाच की बाहेरची दारे आता पूर्वीइतकी सताड उघडी नाहीत. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले; त्या वर्षी तेथील विद्यापीठांच्या संशोधन निधीलाही कात्री लागली. ब्राय आणि बॅकराक यांच्यासारखी वाट, म्हणजे प्रयोगशाळा, मोठी कंपनी, मग स्वतःचा उद्योग, भारतीय विद्यार्थ्यासाठी अवघड होत चालली आहे. परतणाऱ्यांना सामावून घेण्याची अशी संधी भारताला पूर्वी क्वचितच मिळाली असेल.

त्यासाठीची तरतूद कागदावर मोठी दिसते. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा तपशील पाहता हा पैसा मुख्यतः दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जांच्या आणि भागभांडवलाच्या रूपाने खासगी क्षेत्रास मिळावयाचा आहे, आणि तोही प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या टप्प्यापासून पुढच्या कामास. विद्यार्थ्याची पहिली तीन-चार वर्षे, जेव्हा यंत्र रोज आपटते आणि सिद्ध काहीच झालेले नसते, ती या योजनेच्या कक्षेत येत नाहीत. ती वर्षे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने सांभाळावीत अशी अपेक्षा आहे. प्रतिष्ठानाच्या पाच वर्षांतील ५० हजार कोटींपैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरून उभे राहावेत असे गृहीत धरलेले आहे. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतरच्या जुलै महिन्यात या विषयात पीएच.डी.ला प्रवेश घेतलेला विद्यार्थी आपला प्रबंध सादर करील तेव्हा २०३० साल उजाडलेले असेल.